14 तारखेचं तिकीट आणि काकांचा ललत: मिरज ते बनारस, एका प्रवासाचं प्रकरण

माणसं पाच. मी, बायको, माझा धाकटा भाऊ आणि बायकोचे काका-काकू. आम्ही सांगलीत विश्रामबागला, काका-काकू मिरजेत. काकांचं वय 71, सगळं आयुष्य तंबोऱ्यात गेलं, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणायचे, वाळवायचे, कापायचे, मग तारा चढवून तासनतास जवारी काढत, म्हणजे तारेला गुंजणारा नाद आणत बसायचं. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा लोक पेढे घेऊन घरी आले, तर हे म्हणतात कसे, मानांकन झकास झालं, पण ललत राग पहाटे ऐकायला मिळेल असं एखादं ठिकाण राहिलंय का ते सांगा.

ज्यांना गाण्याचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडं रागाला वेळ असते, ललत, भटियार हे रात्र सरतानाचे. आणि 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सरकारनं सूट दिली तर वर्षातले थोडे दिवस 12 पर्यंत. त्यामुळं एकेकाळी रात्रभर चालणारा पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा आता रात्रीच आटोपतो. सकाळची मैफल ठेवली तरी ती हॉलमध्ये, नाष्टा करून, इस्त्रीचे कपडे घालून जायची. काका लहानपणी मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं होणाऱ्या सभेत रात्र रात्र बसलेले, त्यांना ते हॉलमधलं काही पटत नाही.

तर असं ठिकाण आहे, काशीचं संकटमोचन मंदिर. 1923 पासून तिथं संगीत समारोह होतो, दरवर्षी एप्रिलच्या उन्हाळ्यात, सहा रात्री, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला सुरू आणि उजाडेपर्यंत. तिकीट नाही, पास नाही, मोठमोठे कलाकार मारुतीपुढं हजेरी लावायला येतात आणि आपण जमिनीवर मांडी घालून ऐकायचं. 2020 ला लॉकडाऊनमुळं तो ऑनलाइन झाला तेव्हा पंडित जसराज अमेरिकेतून गायले, काकांनी ते सुनेच्या मोबाईलवर ऐकलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंडितजी गेले. तेव्हापासून काकांचं टुमणं चालू होतं, एकदा तिथं न्या मला.

फुकट आहे म्हणजे सोपं असेल असं आम्हाला वाटलेलं. तसं नाहीये. ज्या फेस्टिवलना तिकीट असतं त्यांची तारीख कितीतरी महिने आधी जाहीर होते कारण त्यांना तिकीटं खपवायची असतात, इथं सगळा कारभार तिथीवर आणि कलाकारांची यादी तर अगदी तोंडावर. आणि रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर 2024 च्या आधी 120 होतं, ते असतं तर आम्ही डिसेंबरातच अंदाजपंचे काढत बसलो असतो). एप्रिलात तिकडं जाणाऱ्या गाड्यांना लग्नसराई, सुट्ट्या, गावी जाणारी माणसं, पहिल्या दिवशी काढलं नाही तर वेटिंगच. म्हणजे समारोहाची तारीख जाहीर व्हायच्या आधी तिकीट काढायचं, असा हा मामला.

काका म्हणाले हनुमान जयंतीला असतं. कॅलेंडरात हनुमान जयंती 12 एप्रिल 2025, शनिवार. धाकटा लगेच मोबाईल घेऊन तयार. मी म्हटलं जरा थांब, मागची वर्षं बघू, आणि जुन्या बातम्या काढल्या. 2022 ला हनुमान जयंती 16 एप्रिलला आणि गाणं सुरू 20 ला. 2023 ला 6 आणि 10. 2024 ला 23 आणि 27. दरवेळी चार दिवसांचा फरक, मधले दिवस रामायणावरच्या प्रवचनांचे. म्हणजे 12 ला पोचलो असतो तर प्रवचन ऐकून, गाणं सुरू होतानाच परतीच्या गाडीत बसलो असतो. 12 अधिक 4, 16 एप्रिल, बुधवार. ह्या बेरजेवर आम्ही पैसे लावले, जाहीर काहीच झालेलं नव्हतं.

मध्येच काकूंनी एक गोंधळ घातला, कुठल्यातरी हिंदी बातमीत 'वैशाख कृष्ण पक्ष' असं वाचलं आणि म्हणाल्या हे तर मे महिन्यात येतंय. तिकडं महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अमावास्येला, त्यामुळं आपला चैत्र वद्य तो त्यांचा वैशाख वद्य, दिवस तोच. हे समजावताना मला घाम फुटला पण काकूंनी त्यातून त्यांच्या कामाचं बरोबर उचललं, म्हणजे 16 ला आपली संकष्टी.

आता सुट्ट्यांचं गणित. सोमवारी 14 एप्रिल आंबेडकर जयंती, शुक्रवारी 18 ला गुड फ्रायडे. प्लॅन असा ठरला की 14 ला सकाळी मिरजेतून कोयना एक्सप्रेस, ती रात्री आठच्या सुमाराला सीएसएमटी, तिथून रात्री 12 वाजून 10 मिनिटांची महानगरी, साधारण 28 तासांनी 16 च्या पहाटे बनारस. त्याच संध्याकाळी पहिली रात्र. 16, 17, 18 अशा तीन रात्री ऐकायच्या, 19 ला परत महानगरी, रविवारी दुपारी मुंबई, रात्रीची महालक्ष्मी, सोमवारी सकाळी मिरज आणि अंघोळ करून ऑफिस. रजा तीनच, 15, 16, 17. कागदावर एवढं सुरेख दिसत होतं की मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

13 फेब्रुवारीला सकाळी आठला धाकट्यानं तिकीटं काढली. त्यात एक गोष्ट त्यानं फार हुशारीनं केली. ज्येष्ठांचं भाड्यातलं कन्सेशन 2020 पासून बंदच आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे, पुरुष 60 च्या पुढं आणि बायका 45 च्या पुढं, आणि तो मिळतो फक्त माणूस एकटा असेल किंवा दोघंच असतील आणि दोघंही त्या वयात बसत असतील तर. घरातल्या तरण्याताठ्यांबरोबर एकाच तिकिटात नाव घातलं की सिस्टीम त्यांना त्या कोट्यात धरतच नाही. बरीच जण इथंच फसतात, सगळे एकत्र बसू म्हणून एकच तिकीट काढतात आणि आजोबा वरच्या बर्थवर. धाकट्यानं काका-काकूंचं वेगळं पीएनआर काढलं, आमचं तिघांचं वेगळं. पाचही कन्फर्म, थर्ड एसी. त्या दिवसात टीव्हीवर महाकुंभाची गर्दी दिसत होती, सगळे नातेवाईक म्हणत होते तिकडं कुठं मरायला जाताय, आणि आमची तिकीटं कन्फर्म. धाकटा दोन दिवस हवेत.

20 फेब्रुवारीला काकांच्या सुनेनं तिकीट बघितलं. ती बँकेत आहे, तिची नजर तारखेवर आधी जाते. म्हणाली, "अहो भाऊजी, हे 14 तारखेचं 12 वाजून 10 मिनिटांचं आहे, म्हणजे रविवारी रात्रीचं. तुम्ही सोमवारी कोयनेनं मुंबईला उतराल तेव्हा तुमची गाडी जबलपूरच्या पुढं गेलेली असेल."

शांतता.

मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीची तारीख दुसऱ्या दिवसाची असते हे माहीत सगळ्यांना असतं, पण तोंडात "सोमवारी रात्री निघायचं" असं बसलेलं असतं आणि बोट जातं सोमवारच्या तारखेवर. धाकट्याचा चेहरा उतरला आणि त्यानं जे केलं ते ह्या सगळ्या प्रकरणातलं खरं नुकसान. कुणाला काही न विचारता त्यानं काका-काकूंचं तिकीट कॅन्सल केलं, कारण ते वरती दिसत होतं. थर्ड एसीला 48 तासांपेक्षा आधी रद्द केलं तर माणशी 180 रुपये कापायचे, अधिक 5 टक्के जीएसटी, दोघांचे 378 गेले. मग 15 तारखेचं बघायला गेला तर मोठं वेटिंग. आता आमचं पण कॅन्सल करतो म्हणाला तेव्हा बायकोनं त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापुढं जाऊन उभी राहिली. रविवार 13, सुट्टीच. सोमवार 14, सुट्टीच. म्हणाली, आपण रविवारीच कोयनेनं निघालो तर काय बिघडतं? सोमवार अख्खा गाडीत जाईल, मंगळवारी 15 ला पहाटे पोचू. रजा किती? मंगळ, बुध, गुरू. तीनच! आधीच्या प्लॅनमध्ये सोमवारची सुट्टी कोयनेत आणि मंगळवारची रजा महानगरीत जात होती, आता दोन्ही प्रवास सुट्टीत बसत होते आणि रजेचे तिन्ही दिवस बनारसमध्ये. चुकीचं तिकीट बरोबर निघालं. खर्च वाढला तो लॉजच्या एका दिवसाचा. काका-काकूंचं तिकीट पुन्हा त्याच गाडीला बघितलं, साधं वेटिंगला गेलेलं पण ज्येष्ठांच्या कोट्यात दोन लोअर शिल्लक, लगेच उचलले.

मी इथं जरा जास्त रेंगाळतोय कारण आमची सगळ्यांची अक्कल ह्या पॉइंटला पहिल्यांदा ताळ्यावर आली. तोपर्यंत आम्ही पोचायचं कसं ह्याचंच प्लॅनिंग करत होतो. पहिल्या प्लॅनमध्ये आम्ही 16 च्या पहाटे, रेल्वेत अर्धवट झोपून उतरणार आणि त्याच रात्री परत जागणार, आणि तेही 71 वर्षांच्या माणसाला घेऊन. रात्रभराच्या गाण्याला जायचं तर तिकिटाच्या आधी झोपेचा हिशोब मांडायला पाहिजे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आलं ते चुकून.

लॉजवरून घरात दोन पक्ष पडले. काकूंना दशाश्वमेध घाटाजवळ पाहिजे होतं, विश्वनाथ जवळ, गंगा जवळ, शिवाय ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडं जुनी मराठी घरं आहेत, ओळख निघेल. माझं म्हणणं लंकेच्या बाजूला घ्या, म्हणजे बीएचयूच्या (बनारस हिंदू विद्यापीठाच्या) गेटजवळचा भाग, तिथून संकटमोचन चालत. विश्वनाथाला दिवसा कधीही रिक्षानं जाता येईल पण पहाटे सहाला डोळे तारवटलेले असताना गल्लीबोळातून चार-पाच किलोमीटर कोण जाणार. शेवटी काका म्हणाले, "मी चालत परत येईन असं बघा, मला मधनं यायचंय." ह्या वाक्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही.

लंकेकडं लॉज मिळालं, आणि इथं मात्र मी स्वतः माती खाल्ली. पैसे वाचवायला एसी न घेता कूलरच्या खोल्या घेतल्या, रात्री तर आपण नसणारच खोलीत, एसी कशाला. बरोबर, रात्री नसणार. झोपणार कधी? दुपारी! बनारसच्या एप्रिलात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, गच्चीच्या खालच्या मजल्यावर!

मार्चनंतर तारखा जाहीर झाल्या, 16 ते 21 एप्रिल. आमची बेरीज बरोबर.

प्रवास ठीक झाला. रविवार म्हणजे मुंबईत मेगाब्लॉकची भीती, आणि कोयना दीड तास लेट झालीच, पण हातात चार तास होते ते अडीच उरले, काही बिघडलं नाही. हा मधला वेळ कुणी कमी करायला सांगितला तर ऐकू नका. कल्याणलाच उतरून तिथं महानगरी पकडावी असं धाकट्याचं होतं, पण जिथं गाडी सुटते तिथं ती आधीपासून लागलेली असते, म्हाताऱ्या माणसांना निवांत चढता येतं. जेवणाला काकूंनी दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो भडंग घेतलेलं. भडंग इटारसीपर्यंत संपलं कारण समोरच्या बर्थवरचं जौनपूरचं कुटुंब "ये क्या है भैया" करत खात सुटलं, आणि त्यांनी आम्हाला आवळ्याचं लोणचं दिलं.

मंगळवारी पहाटे उतरलो, सामान टाकलं आणि अस्सी घाटावर जाऊन बसलो, तिथं रोज पहाटे आरती, थोडं गाणं, योग असा कार्यक्रम असतो. काकूंची गंगा तिथंच झाली. दुपारी विश्वनाथ, संध्याकाळी मंदिर बघून ठेवलं. हे दिवसाउजेडी बघून ठेवणं फार उपयोगी पडलं, बसायला कुठं, बाहेर स्क्रीन कुठं, बाथरूम कुठं, चपला कुठं. 2006 च्या स्फोटानंतर तपासणी कडक असते, त्यामुळं पिशवी लहान न्यायची. आणि माकडं. काकूंनी बेसनाच्या लाडवाचा पुडा हातात धरला होता, एक माकड कठड्यावरून सावकाश उतरलं, घाईगडबड काही नाही, पुडा घेतला, सुतळी दातानं तोडली आणि काकूंच्याकडं बघत बघत खाल्ला. काकू म्हणाल्या, "जाऊ दे, त्याचाच आहे."

त्या रात्री मुद्दाम एक-दीडपर्यंत गप्पा मारत जागलो आणि बुधवारी सकाळी दहापर्यंत झोपलो, घड्याळ सरकवायला. इथपर्यंत सगळं छान. पहिल्या रात्री अंगण भरून वाहत होतं. साडेनऊ-दहाला काकू चंद्र बघायला बाहेर गेल्या, लाडवावर संकष्टी सोडली आणि परत येऊन बसल्या, जागा कुणी घेतली नव्हती, शेजारच्या बाईंनी पदर टाकून ठेवलेला. आणि साडेदहाला काका उठले. म्हणाले मी जातो झोपायला. आम्ही चाट. एवढ्या लांब येऊन? म्हणाले, "पहिलं ऐकायला तुम्ही आलाय. मी शेवटचं ऐकायला आलोय. अडीचला मला आणायला या." हे ते 'मधनं यायचंय'. मी त्यांना सोडून आलो, दहा मिनिटांची वाट, अडीचला परत आणायला गेलो तर तोंड धुवून, धुतलेला सदरा घालून पायरीवर बसलेले.

धाकटा मात्र संध्याकाळी सातपासून एकदम पुढं बसलेला, हलायला तयार नाही, चहावर चहा. चारच्या सुमाराला ललत सुरू झाला. काका डोळे मिटून ऐकत होते, पण गाणाऱ्याला नाही, थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "उजवीकडचा तंबोरा मिरजेचा आहे. जवारी बघ कशी बोलतीय." मला दोन्ही सारखेच ऐकू येत होते. खरंखोटं त्यांना माहीत, पण त्या अंधारात त्यांचा अंगठा आणि बोट तार चाचपल्यासारखं हलत होतं ते मी बघितलंय. धाकट्याला उठवायला गेलो तर तो खांबाला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेला, सहाला उठला तेव्हा लोक सतरंज्या झाडत होते.

मग ती दुपार. खोलीत पूर्वेची खिडकी, पडदा म्हणजे नुसतं फडकं, कूलर गरम हवा फेकतोय, अकराला पोऱ्या दार वाजवतोय "रूम साफ करना है". धाकट्यानं लुंगी खिळ्याला अडकवून खिडकी झाकली तर वारा बंद. दोन तास झोप झाली असेल. संध्याकाळी बायको खाली गेली, मॅनेजरशी बोलली, फरक भरून तळमजल्यावर एसीच्या दोन खोल्या घेतल्या, दारावर कागद लावला, चार वाजेपर्यंत वाजवू नये. त्या खोल्यांना खिडकी गल्लीत उघडणारी, अंधारी, एरवी आपण नाक मुरडलं असतं. दिवसा झोपायला त्याच्यासारखं सुख नाही. लॉज बुक करताना मी पंचवीस फोटो बघितले होते, खिडकी कुठल्या दिशेला उघडते हे एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री आम्ही सगळेच काकांच्या टाइमटेबलावर आलो, बायको आणि काकू पहिली पाळी, मी आणि काका दुसरी. धाकट्यानं तिसऱ्या रात्री घरून आणलेला गजर पावणेतीनचा लावला आणि भटियार जागेपणी ऐकला, म्हणाला ह्यासाठी एवढं. तिसरी रात्र संपली ती शनिवारची सकाळ, मंदिरातून थेट लॉज, अंघोळ, स्टेशन, आणि गाडीत सगळे असे झोपले की टीसीला काकूंनी एकटीनं पाच जणांचे आधार दाखवले.

2026 ला हनुमान जयंती 2 एप्रिलला, म्हणजे बेरजेनं 6. काकांनी जानेवारीतच विचारलं जायचं का. धाकटा म्हणाला मी काढतो तिकीट. काकांच्या सुनेनं सांगितलं, काढा, पण पैसे भरायच्या आधी मला दाखवा, आणि भाऊजी, ते 378 रुपये अजून आलेले नाहीत.